बाल्ड्रिजचं दुकान

मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यालगत सेंट मेरी नावाचं बेट आहे. चिंचोळं, लांबुळकं, टोकापासून टोकापर्यंत साठेक किलोमीटर. साल 1693, महिना नोव्हेंबर. बंदरात ‘अ‍ॅमिटी’ नावाचं चाच्यांचं जहाज आलंय, आणि किनाऱ्यावर अ‍ॅडम बाल्ड्रिजचं दुकान आहे. चाच्यांच्या गोष्टींत तोफा असतात, तलवारी असतात, पुरलेला खजिना असतो. या लोकांना बूट कोण विकत होतं, हे त्यात येत नाही. बाल्ड्रिजनं ते सांगून ठेवलंय. 5 मे 1699 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यानं जबानी दिली. कोणतं जहाज कधी आलं, काय दिलं, काय घेतलं, सगळं तारीखवार. खालचा माल आणि त्याचे आकडे त्या जबानीतले. दिवसाचे तास मी लावलेत, त्या काळी अशी कामं जशी चालत त्या रीतीनं.

पहाटे 4:30

अंधार आहे. बेटावर घड्याळ नाही. ‘अ‍ॅमिटी’ची अर्ध्या तासाची वाळूची घटिका आहे, पण जहाज रिकामं केलंय, म्हणून तीही सामानाबरोबर किनाऱ्यावरच्या तंबूत आलीय. पहारेकरी ती उलटी करतो आणि घंटेवर टोला देतो. तंबू म्हणजे जुनी शिडं, बांबूवर ताणलेली.

बाल्ड्रिज उठतो. त्याचं घर थोडं वर आहे. खाली बंदराकडं तोंड करून तोफा मांडल्यात. या तोफा त्यानं पैसे देऊन घेतलेल्या नाहीत. 1691 च्या ऑक्टोबरात ‘बॅचलर्स डिलाइट’ आलं, कप्तान जॉर्ज रेनर. बाल्ड्रिजनं त्यांना गुरं दिली. बदल्यात पाच तोफा, थोडी दारू-गोळी, मणी, सहा पिंपं पीठ आणि सत्तरेक लोखंडी कांबी आल्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ‘नासाऊ’ आलं. त्याच्याकडून आणखी सहा तोफा. गुरं देऊन किल्ला उभा राहिला.

आणि गुरं कुठून आली? तीही ऐका. हा माणूस 17 जुलै 1690 ला ‘फॉर्च्यून’ नावाच्या जहाजातून इथं आला. जानेवारीत आणखी दोघांबरोबर उतरून राहिला. एक मेला. दुसऱ्याचा धीर सुटला, तो जहाजावर परत गेला. ते जहाज एप्रिलमध्ये पोर्ट डॉल्फिनला फुटलं आणि निम्मी माणसं बुडाली. बाल्ड्रिजबरोबर उरला तो फक्त त्याचा शिकाऊ पोरगा. बेटावरच्या लोकांबरोबर त्यांच्या शत्रूंवर लढाईला गेला. मे 1691 मध्ये परतला तो सत्तर गुरं आणि काही गुलाम घेऊन. मग घर बांधलं. दुकानाचं भांडवल ते इतकंच.

5:15

उजाडलं. कामाला हात लागला.

‘अ‍ॅमिटी’ हे सत्तर टनांचं, एका डोलकाठीचं छोटं जहाज. आठ तोफा, साठ माणसं. कप्तान टॉमस ट्यू. 19 ऑक्टोबरला आले. तांबड्या समुद्रात मुघलांकडचं एक जहाज लुटून आलेत. आता जहाजाचा तळ साफ करायचाय. समुद्रात महिनोन्‌महिने राहिलेल्या तळाला शेवाळ धरतं, शिंपल्यांची पुटं चढतात, लाकूड पोखरणारा किडा आत शिरतो. जहाज जड होतं. ज्याला दुसऱ्याला गाठायचंय आणि तिसऱ्यापासून पळायचंय, त्याला जड जहाज परवडत नाही.

आपल्या मुंबईच्या बाजूला भरतीला चार-चार मीटर पाणी चढतं. गलबत भरतीला वर घ्यावं, ओहोटीला ते आपोआप उघडं पडतं. इथं तसं नाही. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. समुद्र मदत करत नाही, सगळं हातानं ओढायचं. म्हणून आधी तोफा उतरवल्या. मग पिंपं, दारूगोळा, शिडं. मग तळातलं निरम, म्हणजे तोल राखायला भरलेले दगडगोटे, एकेक पाटी वर काढून. जहाज हलकं झालं की डोलकाठीच्या वरच्या अंगाला जाडजूड दोर बांधायचे, ते कप्प्यांतून किनाऱ्यावरच्या झाडांना न्यायचे, आणि ओढायचं. काठी झुकते तसं जहाज कुशीवर पडतं.

वीस-पंचवीस जण दोराला आहेत. एक जण ताल देतो. ओढ, थांब, दोर अडकव. ओढ, थांब. जास्त ओढलं तर काठी मोडेल, कमी ओढलं तर तळ पाण्यातच राहील. पाऊण तासानं डावी बाजू वर आली. हिरवी-काळी, बुळबुळीत, आणि वास असा की जवळ उभं राहवत नाही.

या घडीला ‘अ‍ॅमिटी’ कुणीही येऊन घेऊन जावी अशी आहे. तोफा जमिनीवर, शिडं तंबूला. म्हणून तर हे बंदर हवं. बंदराचं तोंड अरुंद, आत वारा कमी, आणि वर बाल्ड्रिजच्या अकरा तोफा. चाच्यांनीच दिलेल्या तोफा आता दुसऱ्या चाच्यांची राखण करतात.

6:30

खरवडणं सुरू. लोखंडी खरवडण्या, लांब दांड्याच्या. काही जण ओंडक्यांच्या तराफ्यावर उभे, काही कमरेएवढ्या पाण्यात. शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या. हात कापतात, पाय कापतात, खाऱ्या पाण्यात जखम चुरचुरते आणि या हवेत लवकर भरत नाही. खरवडलेलं सगळं अंगावरच पडतं.

आता या माणसांची मिळकत बघू. त्या एका जहाजातून इतका पैसा मिळाला की एका पूर्ण वाट्याला 1200 पौंड आले, असं बाल्ड्रिज सांगतो. इंग्लंडच्या आरमारात तयार खलाशाला तेव्हा महिन्याला 24 शिलिंग मिळत, अठ्ठावीस दिवसांचा महिना. 1200 पौंड म्हणजे अशा हजार महिन्यांचा पगार. सत्त्याहत्तर वर्षं न थांबता नोकरी केली तर. आणि तो हजार महिन्यांचा धनी आत्ता अनवाणी पाण्यात उभा राहून शेवाळ खरवडतोय. इथं मजूर लावायची पद्धत नाही. कराराप्रमाणे वाटा सगळ्यांना, तसं कामही सगळ्यांना. कप्तानाचा हुकूम चालतो तो पाठलागात आणि लढाईत. एरवी कोण काय करेल हे खलाशांनी निवडलेला क्वार्टरमास्टर ठरवतो.

8:00

वरून गुरं येतात. वशिंडाची, मोठ्या शिंगांची. आपल्याकडच्या बैलांशेजारी बांधली तर वेगळी ओळखू येणार नाहीत. बाल्ड्रिजचा माणूस हाकत आणतो. आज दोन द्यायचीत. एक आजच्या जेवणाला, एक खारवायला.

घासाघीस होते. फार नाही, कारण दोन्ही बाजूंना पर्याय कमी. पण ट्यूची माणसंही कच्ची नाहीत. रोजच्या खाण्यापुरती थोडी गुरं त्यांनी बाल्ड्रिजकडून घेतली, आणि परतीच्या लांब प्रवासाचा मोठा शिधा थेट बेटावरच्या लोकांकडून. मधला दलाल टाळला. बाल्ड्रिजनं जबानीत हे एका ओळीत नोंदवलंय, चरफड न करता. पण नोंदवलंय.

बेटावरच्या बायका तांदूळ घेऊन आल्यात. टोपल्या डोक्यावर. या लोकांपैकी बरेच मूळचे समोरच्या मोठ्या बेटावरचे. उत्तरेच्या टोळ्यांनी त्यांच्या वस्त्यांवर धाडी घातल्या, बायका-मुलं पळवली. बाल्ड्रिजकडं बंदुका होत्या. त्याच्या मदतीनं काहींना आपली माणसं सोडवून आणता आली. मग हे लोक त्याच्या आसऱ्याला येऊन राहिले. त्याच्या घराभोवती वस्ती झाली ती अशी. तांदळाच्या मोबदल्यात कापड चालतं, मणी चालतात, चांदी चालते. सगळ्यांत जास्त मान बंदुकीच्या दारूला.

9:30

ऊन चढलं. उघडा तळ थोडा सुकला. आता आग.

वाळलेल्या झावळ्यांच्या लांब चुडी पेटवून तळावरून फिरवायच्या. राहिलेलं शेवाळ जळतं, जुन्या डांबराचा थर मऊ होतो, तो लगेच खरवडून काढायचा. चूड एका जागी जास्त थांबली तर फळीच पेटते. कमी थांबली तर काही होत नाही. हे काम दोघा-तिघांनाच देतात. बाकीचे ओल्या गोणपाटांनी मागून विझवत जातात. दारूगोळ्याची पिंपं दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवलीत. धूर डोळ्यांत जातो. एकाच्या मनगटाला भाजलं. त्यावर चरबी चोळली, पुन्हा कामाला लावलं.

आभाळाकडं सगळ्यांचं लक्ष. या किनाऱ्यावर पाऊस कधीही येतो.

11:00

दुकान उघडं आहे. वर झावळ्यांचं छप्पर, आत फळ्यांवर माल. हा माल ‘चार्ल्स’ नावाच्या जहाजातून 7 ऑगस्टला न्यूयॉर्कहून आला. पाठवणारा फ्रेडरिक फिलिप्स. हॉलंडहून सुतार म्हणून अमेरिकेत आलेला माणूस, आता न्यूयॉर्कच्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक. यादी बघा.

बूट आणि सपाता मिळून 44 जोड. लोकरी आणि सुती मोजे सहा डझन. ठिपक्यांचे सदरे आणि विजारी तीन डझन. टोप्या बारा. सुताराची हत्यारं. रमची पाच पिंपं, मदिरा दारूची चार छोटी पिंपं, इतर कडक दारूच्या दहा पेट्या. धार लावायचे दोन दगड. दोन आडव्या करवती, एक लांब करवत. तेलाच्या तीन बरण्या. लोखंडी भांडी दोन, तीही लहान. तोफेच्या दारूची तीन पिंपं. बियाणं. तीन डझन कुदळी. दारू गाळायची दोन जुनी भांडी, आणि बाल्ड्रिज इथं आवर्जून सांगतो, भोकं पडलेली. सहा वर्षांनी न्यायाधिकाऱ्यांसमोरसुद्धा त्याला ती भोकं आठवतात.

शिवाय पुस्तकं. मुलांच्या अक्षरओळखीच्या पाट्या, धर्माची प्रश्नोत्तरं आणि दोन बायबलं. फिलिप्सच्या मनात नेमकं कोण वाचणार होतं, देव जाणे. बंदुकीच्या दारूशेजारी बाराखडी ठेवलेलं दुकान मला दुसरं माहीत नाही.

गिऱ्हाइकं येतात. साठ माणसं आणि 44 जोड, त्यातलेही काही आधीच खपलेले. पायाच्या मापाचा बूट मिळेलच असं नाही. एक जण मोठ्या मापाचा घेतो, पुढं चिंधी कोंबतो. तळ खरवडून पाय फाटलेत, किंमत विचारायच्या मनःस्थितीत तो नाही.

पैसे मोजले जात नाहीत, तोलले जातात. काट्यावर. पिशवीतून काय निघेल याचा नेम नसतो. आठ रियालांचं स्पॅनिश नाणं, ज्याला इंग्रजी हिशोबात साधारण साडेचार शिलिंग पडतात. कधी अरबी सोनं. हा पैसा इथं कसा आला? सुरतेचं कापड तांबड्या समुद्रावरच्या मोख्याला आणि जिद्द्याला जातं, तिथं सोन्या-चांदीत विकलं जातं, आणि पावसाळा सरता सरता जहाजं तो पैसा घेऊन सुरतेला परततात. ज्यांना वारा कळतो त्यांना ही तारीखही कळते. त्या वेळी औरंगजेब दख्खनमध्ये आहे, मराठ्यांशी लढण्यात गुंतलेला. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी त्याचं आरमार नाही.

भावाचं म्हणाल तर न्यूयॉर्कचा गव्हर्नर बेलोमाँट यानं पुढं लंडनला कळवलं: न्यूयॉर्कला दोन शिलिंग गॅलन मिळणारी रम मादागास्करला पन्नास शिलिंग ते तीन पौंड गॅलननं जाते. मदिराचं 19 पौंडांचं मोठं पिंप 300 पौंडांना. आता एका पिंपात तीस गॅलन धरा. रमची पाच पिंपं, दीडशे गॅलन. खरेदी 15 पौंड. विक्री, कमीत कमी भावानं, 375. आणि खलाशाच्या बाजूनं बघितलं तर एक गॅलन रम म्हणजे आरमारातला दोन महिन्यांचा पगार. तो एका संध्याकाळी पितात, मित्रांना पाजतात, आणि सकाळी पुन्हा दुकानात येतात.

तांबड्या समुद्रात जीव धोक्यात घातला ट्यूच्या माणसांनी. बाल्ड्रिज इथून हलला नाही.

दुपारी 1:00

पाऊस आला. काम थांबलं. भात आणि उकडलेलं मांस, झावळीच्या पानावर. दोघं तापानं पडून आहेत, त्यांना तंबूच्या कोरड्या कोपऱ्यात सरकवलं. डास. झोप.

2:30

पाऊस उघडला. आता सुताराचा दिवस.

लाकूड टोचून बघायचं असतं. वरून फळी धडधाकट दिसते, पण सळई आत शिरली की कळतं. किड्यानं आत नळ्या पाडलेल्या असतात. अशा फळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या. नवी फळी इथल्याच झाडाची. ओंडका उंच घोड्यांवर चढवलाय. लांब करवत ‘चार्ल्स’मधून आलेली. एक माणूस वर उभा, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो, आणि भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत. म्हणून खालच्याच्या डोक्याला टोपी. बारातली एक अशी कामी आली. मधून मधून पाळी बदलतात. करवत बोथट झाली की दगडाकडं. दगडाचं चाक फिरवायला पोरगा बसवलाय. जहाजावर पोरांना साधारण अर्धा वाटा देण्याची रीत. बाराशेच्या अर्धे सहाशे. वय काय असेल, चौदा?

फळी बसली की फटींत जुन्या दोराचा पिंजलेला काथ्या ठोकायचा. लाकडी हातोडी, बोथट छिन्नी. ठकठक, ठकठक, तासभर तेवढंच ऐकू येतं. वरून उकळतं डांबर. मग सगळ्या तळाला लेप: चरबी, राळ आणि गंधक एकत्र उकळून. किड्याला गंधक सोसत नाही असा भरवसा. चरबी बाल्ड्रिजच्याच गुरांची. कढई मोठी लागते. दुकानातली दोन भांडी लहान, म्हणून तर ती अजून विकली गेली नाहीत असं मला वाटतं.

एका बाजूचं काम झालं की जहाज सोडून सरळ करायचं, फिरवायचं, दुसऱ्या कुशीवर पाडायचं. पहिल्यापासून सगळं पुन्हा.

4:00

बाल्ड्रिजच्या हिशोबाच्या वहीकडं वळू. ‘चार्ल्स’ला बाल्ड्रिजनं परतीचं काय दिलं? स्पॅनिश नाणी आणि डॉलर मिळून 1100. गुरं 15. लोखंडी कांबी 57. रेनरकडून आलेल्या त्या सत्तरांतल्याच असाव्यात, दोन वर्षं पडून होत्या. आणि 34 गुलाम.

जबानीत हा क्रम आहे: नाणी, मग माणसं, मग गुरं, मग लोखंड. ‘चार्ल्स’ 5 ऑक्टोबरला निघालं, आणखी गुलाम भरायला किनाऱ्यावर पुढं गेलं. ‘अ‍ॅमिटी’ आली त्याच्या दोन आठवडे आधी.

ही चौतीस माणसं उत्तरेच्या लढायांत हाती लागलेली, किंवा धरणाऱ्यांकडून विकत घेतलेली असावीत. ज्या लढाईत एका वस्तीची बायकामुलं सोडवली, त्याच लढाईत दुसऱ्या वस्तीची धरली. बाल्ड्रिज दोन्ही कामं करतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना गुलामांचा व्यापार करायचा तर रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी आड येते, आणि तिथं एका माणसाला तीन-चार पौंडांचा माल मोजावा लागतो. मादागास्करला साधारण दहा शिलिंगांचा माल पुरतो. फिलिप्सनं इतक्या लांब जहाज का पाठवलं, त्याचं उत्तर या दोन दरांत आहे. बूट, मोजे, रम हे सगळं त्याच्या दृष्टीनं जोडधंदा. पुढं त्यानं बाल्ड्रिजला पत्रात तसं स्पष्टच लिहिलं: मुख्य नफा माणसांवर, बाकीचं वरकड. बाल्ड्रिज मागणीइतकी माणसं पाठवत नाही ही त्याची तक्रार होती.

दहा शिलिंग आणि पन्नास शिलिंग शेजारी ठेवले तर खालचा खलाशी ज्या भावानं एक गॅलन रम घेतो, त्यात पाच माणसं येतात.

बाहेर बायका कुदळीनं वाफे करतायत. बियाणं आलंय, पाऊस आहे, लावून टाकायचं. तीन डझन कुदळींपैकी किती इथं राहिल्या आणि किती विकल्या, याची नोंद नाही.

5:30

दुसरा बैल कापला. खारवण्याचं काम उन्हात करत नाहीत, मांस मीठ धरायच्या आधीच नासतं. संध्याकाळी करायचं आणि रात्रीत उरकायचं. हाडं वेगळी, मांसाचे मूठभर तुकडे, प्रत्येकाला मीठ चोळायचं, दाबून रक्त काढायचं, पुन्हा चोळायचं, पिंपात थर लावायचे. सकाळी तळ खरवडून कापलेले हात आता मिठात आहेत. शिव्या इंग्रजीत, थोड्या फ्रेंचमध्ये.

पिंप चांगलं असेल तर मांस महिनोन्‌महिने टिकतं. ‘अ‍ॅमिटी’ला केप ऑफ गुड होपला वळसा घालून अटलांटिक ओलांडायचाय. या प्रवासात पिंप गळलं तर वाटणीचं सोनं खाता येत नाही.

7:30

अंधार. शेकोट्या. फासे निघतात. जहाज चालू असताना काही कप्तानांच्या करारात जुगाराला बंदी असते, किनाऱ्यावर ती कोण पाळणार? बाल्ड्रिजच्या पोरानं रमची मापं आणली. उधार नाही. ज्याचा वाटा महिनाभरात रम आणि फाशांत गेला, तो घरी कशासाठी जाईल? तो इथंच राहील, पुढच्या जहाजाची वाट बघेल. किनाऱ्यावर अशी बरीच गोरी माणसं आहेत. बाल्ड्रिजची ती कायमची गिऱ्हाइकं.

ट्यू मात्र घरी जाणाऱ्यांतला आहे. जहाजाचे मालक बर्म्युडात बसलेत, त्यांचा हिस्सा पोचवायचाय. पुढचं कर्ज, पुढचा परवाना, पुढचं जहाज त्यावर अवलंबून.

9:30

पहारा बदलला. उतरवलेल्या आठ तोफा किनाऱ्यावर ओळीनं, समुद्राकडं तोंड करून, जवळ निखाऱ्यांचं भांडं. कुशीवर पडलेलं जहाज अंधारात काळं दिसतं. वहीतली आजची ओळ वाळली. बाल्ड्रिज दिवा मालवतो. तेलाच्या तीनच बरण्या आल्यात.

त्यानंतर

‘अ‍ॅमिटी’ 23 डिसेंबर 1693 ला निघाली आणि 1694 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यूपोर्टला पोचली. ट्यूचं तिथं स्वागत झालं. न्यूयॉर्कचा तेव्हाचा गव्हर्नर फ्लेचर त्याला गाडीत बसवून फिरवायचा. ट्यू पुन्हा तांबड्या समुद्राकडं गेला. 11 डिसेंबर 1695 ला ‘अ‍ॅमिटी’ सेंट मेरीला आली ती कप्तानाशिवाय. मुघल जहाजाच्या तोफगोळ्यानं ट्यू मारला गेला होता. त्याच मोहिमेतल्या हेन्री एव्हरीनं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं आणि त्याची किंमत सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी कैदेत बसून मोजली.

1697 मध्ये सेंट मेरीच्या लोकांनी उठाव केला. तीसेक गोरे मारले गेले, किल्ला आणि माल गेला. बाल्ड्रिज त्या वेळी गलबत घेऊन व्यापाराला बाहेर होता. जबानीत त्यानं दोष इतर गोऱ्यांवर टाकला: ते लोकांना त्रास देत, त्यांची गुरं घेत. कॅप्टन किड या चाच्यानं वेगळं सांगितलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाल्ड्रिजनंच बेटावरची पुरुष, बायका, मुलं फसवून जहाजावर चढवली आणि मास्करीन बेटावर फ्रेंचांना विकली. ही तीच माणसं, जी त्याच्या आसऱ्याला येऊन राहिली होती. दोघांपैकी कुणीच धुतल्या तांदळाचा नाही, पण इथं मी किडवर विश्वास ठेवतो. 34 माणसं लोखंडाच्या आधी लिहिणारा हात पुढं तेवढंही करू शकतो.

त्यानंतर वर्षभरात त्याच बेटावर एडवर्ड वेल्श नावाच्या दुसऱ्या इंग्रजानं तोफा मांडून दुकान थाटलं. न्यूयॉर्कहून माल येत राहिला.